मोहाची भट्टी आणि यवसुरेचा मेळा

दारूविषयीं मराठींत आजवर जें लिहिलें गेलें, त्यांतील बहुतेक लिखाण एक तर निषेधाचें आहे, नाहीं तर विनोदाचें. कीर्तनकारानें मद्यप्याची फजिती वर्णावी, नाटककारानें त्याच्या संसाराची राखरांगोळी दाखवावी आणि प्रहसनकारानें त्याच्या अडखळत्या पावलांवर टाळ्या घ्याव्या, असा हा क्रम शंभरावर वर्षें चालत आला आहे. या सर्व लिखाणांत पिणाऱ्याचें चित्र आहे. परंतु पिण्याची आणि विशेषतः मद्य तयार करण्याची परवानगी देणारा कोण, ती तो कोणास देतो, कोणास नाकारतो आणि कशाच्या बदल्यांत देतो, या प्रश्नाचा विचार आपल्या शिष्ट वाङ्मयांत क्वचितच आढळतो. इतिहासाच्या दृष्टीनें पाहतां महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि हल्लीं आपल्या शहरांतून भरूं लागलेल्या एका नव्या प्रकारच्या मेळ्यामुळें त्याचा विचार करण्यास एक चांगलें निमित्त मिळालें आहे.

हा मेळा बिअरचा. पुणें, मुंबई, बंगळूर या शहरांत गेल्या दहा-पंधरा वर्षांत लहान लहान भट्ट्यांतून ताजी बिअर काढणाऱ्या मंडळींचा एक वर्गच निर्माण झाला आहे. एखाद्या वस्तींतील मोकळ्या आवारांत हे भट्टीवाले आपापलीं पिंपें घेऊन एकत्र जमतात. येणाऱ्यानें प्रवेशाचे पैसे भरावे, लहानसा पेला हातीं घ्यावा आणि या पिंपाकडून त्या पिंपाकडे चव पाहत हिंडावें, अशी तेथील रीत. एकाच्या बिअरींत कोकणांतील कोकम, दुसऱ्याच्या बिअरींत हापूस आंबा, तिसऱ्याच्या बिअरींत कॉफी. गाणें-बजावणें असतें, खाद्यपदार्थांचीं दुकानें असतात, आणि सुशिक्षित घरांतील तरुण स्त्री-पुरुष तेथें उघडपणें, निःसंकोचपणें वावरत असतात. हें पाहून कांहीं वडीलधाऱ्या मंडळींस समाज रसातळास चालल्याचा भास होतो. कांहीं तरुणांस आपण पश्चिमेच्या बरोबरीस येऊन ठेपल्याचा अभिमान वाटतो. आमच्या मतें या दोन्ही समजुती इतिहासास सोडून आहेत. घरगुती अगर गांवगाड्यांतील लहान भट्टी आणि उत्सवाच्या निमित्तानें तिला मिळणारी मुभा, या दोन्ही गोष्टी या भूमींत फार जुन्या आहेत. त्या कोणी, केव्हां आणि कोणापासून हिरावून घेतल्या, हें पाहिल्यावांचून आजच्या मेळ्याचा खरा अर्थ लागणार नाहीं.

हा विचार करण्यास चांदवडाइतकें सोईचें ठिकाण दुसरें क्वचितच सांपडेल. सातमाळ्याच्या रांगेंतील हें गांव मुंबई-आग्रा रस्त्यावर आहे. होळकरांचा रंगमहाल आणि रेणुकेचें देवालय यांमुळें बाहेरच्या लोकांस त्याची ओळख असते. येथून दक्षिणेस उतरलें कीं निफाड तालुक्यांतील द्राक्षांचे मळे लागतात, आणि त्याच तालुक्यांत विंचूर येथें सरकारनेंच द्राक्षमद्याच्या कारखान्यांसाठीं खास वसाहत वसविली आहे. पश्चिमेस कळवण, सुरगाणा, पेठ हे डोंगराळ तालुके. तेथें कोकणा, वारली, महादेव कोळी, भिल्ल यांची वस्ती आणि मोहाचीं झाडें. म्हणजे एकाच जिल्ह्यांत एकीकडे द्राक्षाचें मद्य आणि दुसरीकडे मोहाचें मद्य. एकास सरकारी प्रोत्साहन आणि दुसऱ्यास सरकारी बेडी. हा भेद निसर्गानें केलेला नाहीं. तो कायद्यानें केलेला आहे, आणि कायद्याला जन्मतारीख असते.

प्रथम पदार्थाविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. बिअर म्हणजे यवसुरा. सातू भिजत घालून त्यांस मोड आणतात, ते मोड वाळवून भरडतात आणि ऊन पाण्यांत मुरवून त्यांतील गोडवा उतरवून घेतात. त्या गोड पाण्यांत हॉप नांवाच्या वेलीचीं कडू फुलें घालून तें उकळतात व निवल्यावर त्यांत किण्व, म्हणजे आंबवण सोडतात. किण्वांतील सूक्ष्म जीव साखर खाऊन मद्यार्क निर्माण करतात. यांत ऊर्ध्वपातन नाहीं, म्हणून मद्यार्काचें प्रमाण साधारणपणें शेंकडा चार ते सहा राहतें. मोहाची गोष्ट निराळी. चैत्राच्या सुमारास मोहाचीं मांसल फुलें रात्रींतून गळतात, पहांटे बायका-मुलें तीं वेंचतात आणि उन्हांत वाळवून साठवतात. वाळलेल्या फुलांत निम्म्याहून अधिक साखरच असते, म्हणून दुष्काळांत तीं अन्न म्हणूनहि उपयोगी पडतात. हींच फुलें मडक्यांत भिजवून आंबविलीं व भट्टीवर चढवून त्यांची वाफ थंड केली म्हणजे मोहाची दारू होते. ती बिअरपेक्षां जहाल असते, हें येथें नमूद करून ठेवतों. पुढील विवेचनांत हा फरक विसरून चालणार नाहीं.

आतां इतिहासाकडे वळूं. कौटिल्याच्या अर्थशास्त्राची पोथी शामशास्त्री यांस म्हैसूर येथें १९०५ सालीं सांपडली व १९०९ सालीं ती छापून प्रसिद्ध झाली. तींतील दुसऱ्या अधिकरणांत सुराध्यक्ष नांवाच्या अधिकाऱ्याचें एक प्रकरणच आहे. मेदक नांवाची तांदळाची सुरा कशी करावी, याचें प्रमाण तेथें दिलें आहे: एक द्रोण पाण्यास अर्धा आढक तांदूळ आणि तीन प्रस्थ किण्व. सोळा प्रस्थांचा एक द्रोण व चार प्रस्थांचा एक आढक हें कोष्टक ध्यानीं घेतलें, म्हणजे सोळा माप पाण्यास दोन माप तांदूळ व तीन माप आंबवण असा हिशेब होतो. ही आजच्या तांदळाच्या बिअरीची सख्खी पूर्वज होय. सुरेची व किण्वाची सामुग्री निवडण्याचें काम स्त्रियांनीं व मुलांनीं करावें, असेंहि तेथें सांगितलें आहे. मोहाखालीं टोपली घेऊन बसलेल्या कोकणा स्त्रीचें स्मरण व्हावें, असेंच हें वाक्य आहे.

परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीनें याहून महत्त्वाचे असे दोन नियम त्या प्रकरणांत आहेत. कुटुंबवाल्यांस घरच्या कार्यांसाठीं श्वेतसुरा आणि औषधासाठीं अरिष्ट करण्याची मोकळीक असावी, हा पहिला. उत्सव, समाज व यात्रा यांच्या वेळीं चार दिवस सुरा करण्याची परवानगी द्यावी, हा दुसरा. परवानगीवांचून करणाऱ्यांकडून मात्र उत्सव संपेपर्यंत रोजचा दंड घ्यावा, असें पुढें म्हटलें आहे. कौटिल्य कांहीं भोळा उदारमतवादी नव्हता. पानगृहांत आसनें, शय्या, गंध, माळा व पाणी यांची ऋतुमानाप्रमाणें सोय ठेवावी असें सांगतांना, तेथें कोण किती खर्च करतो हें टिपून घेण्यास हेर ठेवावे हें सांगण्यासहि तो विसरला नाहीं. तथापि इतक्या कडव्या राजनीतिज्ञासहि एक गोष्ट उमगली होती, ती ही कीं, राजाची पानगृहें आणि लोकांचे उत्सव या दोन भिन्न गोष्टी आहेत, व दुसरीवर पहिलीची मक्तेदारी पूर्णपणें लादूं नये.

मराठ्यांच्या राज्यांत, विशेषतः पेशवाईंत, दारूविषयींचें धोरण निषेधाचें होतें. दारू काढण्यास व विकण्यास बंदी असे आणि तोफखान्यांतील फिरंग्यांसारख्या कांहींस तींतून सूट मिळे. पण त्या बंदीचा हात शहरांपुरता व रस्त्यालगतच्या मुलखापुरताच लांब होता. डोंगरांत कोण काय उकळतो, हें पाहण्यास पेशव्यांपाशीं ना माणसें होतीं, ना इच्छा. निषेध होता, पण त्या निषेधांतून तिजोरी भरण्याची युक्ति अद्याप निघालेली नव्हती.

ती युक्ति इंग्रजांनीं काढली. १८१८ सालीं चांदवडचा किल्ला होळकरांकडून इंग्रजांकडे गेला आणि पेशवाईहि त्याच वर्षीं बुडाली. नव्या राज्यकर्त्यांबरोबर त्यांचें पेयहि आलें. वस्तुतः तें त्यांच्याहि आधीं येऊन पोंचलें होतें. लंडनच्या पूर्वेकडील बो येथील हॉजसन यांच्या कारखान्याची बिअर अठराव्या शतकाच्या अखेरीपासून ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांतून हिंदुस्थानांत येऊं लागली होती, आणि पुढें बर्टनच्या कारखानदारांनीं तो व्यापार काबीज केला. आज जगभर ‘इंडिया पेल एल’ या नांवानें जी बिअर प्रसिद्ध आहे, तिच्या नांवांत आपल्या देशाचें नांव आहे तें यामुळेंच. आपल्या देशांतील एकहि धान्य मात्र तिच्यांत नसे. पुढें कसौली, मरी अशा थंड डोंगरी ठिकाणीं येथेंच कारखाने निघाले, कारण बर्फाचीं यंत्रें येण्यापूर्वीं किण्वास मानवेल असा गारवा डोंगरांवरच मिळे. सैन्य हें या बिअरीचें मोठें गिऱ्हाईक. आपल्या नाशिक जिल्ह्यांत देवळालीस १८६१ सालीं जी छावणी वसली, तेथें विलायतेस परतणारे शिपाई जहाजाची वाट पाहत महिनेच्या महिने कुजत पडत. त्या कंटाळ्यानें व तापानें डोकें फिरलेल्या शिपायास ‘देवळाली टॅप’ झाला असें म्हणत; त्यांतील ‘टॅप’ म्हणजे आपला तापच. या देवळालीचा अपभ्रंश ‘डूलाली’ होऊन वेडगळ या अर्थीं इंग्रजी भाषेंत कायमचा रुजला. दैवगति अशी कीं, २००९ सालीं पुण्यांत जी लहान भट्टी निघाली, महाराष्ट्रांतील अशा भट्ट्यांत जी आद्य समजली जाते, तिनें आपल्यासाठीं नेमका हाच शब्द निवडला. नाशिक जिल्ह्यांतील एका गांवाचें नांव गोऱ्या शिपायाच्या तोंडून विलायतेस जाऊन, दीडशें वर्षांनीं बिअरच्या पेल्यावर बसून परत आलें.

गोऱ्यांच्या बिअरीची अशी बडदास्त चालली असतां देशी दारूचें काय झालें? १८७८ सालीं मुंबई इलाख्याचा अबकारीचा कायदा झाला. त्याचा मुख्य कर्ता सी. बी. प्रिचर्ड नांवाचा अधिकारी. या कायद्यापूर्वीं गांवोगांव लहान भट्ट्या होत्या. सरकार त्यांचा गुत्ता देई आणि डोंगराळ मुलखांत घरगुती भट्टीकडे काणाडोळा करी. नव्या व्यवस्थेनें गांवच्या भट्ट्या मोडून दारू काढण्याचें काम सरकारी देखरेखीखालील मध्यवर्ती भट्टींत नेलें. दर गॅलनावर तिच्या तीव्रतेप्रमाणें कर बसविला, विक्रीचा मक्ता मोठ्या मक्तेदारांस दिला आणि ताडीच्या झाडांवर झाडागणिक पट्टी बसविली. इतक्यानेंहि भागेना, म्हणून १८९२ सालीं ठाणें व कुलाबा या जिल्ह्यांसाठीं खास मोहाच्या फुलांचा कायदा करून फुलें बाळगण्यावरच निर्बंध घातले. जें फूल दुष्काळांत पोटाला आधार देत असे, तें घरांत सांपडलें तर गुन्हा! इतिहासकार डेव्हिड हार्डिमन यांनीं दक्षिण गुजराथेंतील या स्थित्यंतरावर १९८५ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. रूढीचा गुन्हा कसा झाला, असाच त्याच्या मथळ्याचा आशय आहे, आणि आमच्या मतें सह्याद्रीच्या अलीकडेहि तो शब्दशः लागू पडतो.

या कायद्याचें समर्थन करणारे म्हणत कीं, दारू महाग झाली म्हणजे लोक कमी पितील. हा युक्तिवाद दिसण्यांत सोज्ज्वळ आहे. परंतु कमी पिण्यानें ज्याचें उत्पन्न घटतें, त्यानेंच पिणें कमी करण्याचा विडा उचलावा, ही गोष्ट मांजरानें दुधाची राखण करण्यासारखी आहे. अबकारी हा पाहतां पाहतां प्रांताच्या उत्पन्नाचा एक मुख्य स्तंभ होऊन बसला. डोंगरांतल्या माणसाची दशा तर दुहेरी वाईट झाली. पूर्वीं लग्नांत, मर्तिकांत, देवाला धार देण्याच्या वेळीं तो घरचें मद्य वापरी आणि त्याला पैसा लागत नसे. आतां तीच गोष्ट त्यानें दुकानदाराकडून रोख अगर उधार विकत घ्यावी, उधारीपायीं कर्जबाजारी व्हावें आणि कर्जापायीं जमीन गमवावी, हा नवा क्रम सुरू झाला. वर्षांतून ठराविक प्रसंगीं पिणारा समाज रोज दुकानाच्या दाराशीं उभा राहूं लागला. उत्सवाचें पेय बाजाराचें झालें, आणि त्याबरोबर उत्सवानें घातलेली मर्यादाहि सुटली.

आपल्या सुशिक्षित वर्गानें या काळांत दारूविरुद्ध मोठी चळवळ केली, हें आम्ही कृतज्ञतेनें नमूद करतों. महात्मा जोतीराव फुले यांनीं पुण्याच्या नगरपालिकेचे सभासद असतांना १८८० सालीं दारूच्या दुकानांच्या वाढत्या परवान्यांविरुद्ध लेखी आवाज उठविला. १९०८ सालीं लोकमान्य टिळकांच्या प्रेरणेनें पुण्यांत दुकानांपुढें पहारे बसले. १९१९ सालीं गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आला आणि सुधाकर-सिंधूच्या संसारानें घराघरांतील बायका रडल्या. या सर्वांचा हेतु शुद्ध होता. तरीपण या चळवळीची नजर शहरांतील दुकानावर आणि पांढरपेशा घरांतील पेल्यावर खिळलेली होती. डोंगरांतील भट्टी मोडली गेल्याचें सुखदुःख तिला फारसें नव्हतें. किंबहुना ती मोडली हें बरेंच झालें, असेंच पुष्कळांस मनांतून वाटत असावें. १९१९ च्या सुधारणांनंतर अबकारी व शिक्षण हीं दोन्ही खातीं हिंदी मंत्र्यांच्या हातीं आलीं, तेव्हां तर मोठी पंचाईत झाली. शाळा वाढवाव्या तर पैसा पाहिजे, आणि पैसा दारूंतून येतो! मुलांचें शिक्षण दारूच्या उत्पन्नावर चालावें, ही लाजिरवाणी गोष्ट महात्मा गांधींनीं १९३७ सालीं स्पष्ट शब्दांत सांगितली. आम्ही शिकलों-सवरलेलीं माणसें ज्या शाळांतून बाहेर पडलों, त्यांच्या विटांत मोहाच्या भट्टीवरील कराचा अंश आहे, याची आठवण आमच्या वर्गानें ठेवणें उचित होय.

ज्यांच्याविषयीं हा सारा खल चालला होता, त्यांनीं स्वतः काय केलें, हें मात्र पाठ्यपुस्तकांत फारसें आढळत नाहीं. १९२२ सालीं पालघरच्या किनाऱ्यावरील कोळी लोकांत एका देवीचा संचार होऊं लागला. तेथून ही लाट ठाणें व नाशिक जिल्ह्यांच्या डोंगराळ भागांतून डांगांत आणि डांगांतून सुरत जिल्ह्यांत पसरली. गांवाबाहेर मांडव घालून शेंकडों माणसें जमत, भगतांच्या अंगांत देवी येई आणि तिच्या तोंडून आज्ञा होत: दारू पिऊं नका, ताडी पिऊं नका, मांस सोडा, रोज स्नान करा, घर स्वच्छ ठेवा, दारूच्या मक्तेदाराच्या कामावर जाऊं नका. हजारों लोकांनीं एका हंगामांत दारू सोडली व दुकानें ओस पडलीं. या चळवळीचा कोणी पदवीधर पुढारी नव्हता, तिचें मुखपत्र नव्हतें, तिला कोणी व्याख्यान दिलेलें नव्हतें. पुढें कांहीं काळानें पुष्कळांनीं पुन्हा पेला हातीं घेतला, हें खरें. पण बरेच जण सोडलेल्या व्रतावर टिकलेहि. यावरून एक गोष्ट सिद्ध होते: ज्या समाजास आपण व्यसनाधीन व अज्ञान समजत होतों, तो समाज स्वतःच्या हितासाठीं स्वतःवर बंधन घालूं शकत होता. तें बंधन त्यानें सरकारच्या कायद्यानें घातलें नाहीं. सरकारच्या मक्त्याविरुद्ध उलटून घातलें.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यांत १९४९ चा दारूबंदीचा कायदा आला. निषेधाचा हा कळस म्हणतां येईल. पण कळसालाहि खिडक्या होत्या. आरोग्यासाठीं परवाना, परदेशी पाहुण्यांसाठीं परवाना. १९५१ सालीं बलसारा यांच्या सुप्रसिद्ध खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें या कायद्याचा बहुतेक भाग उचलून धरला व कांहीं कलमें रद्द केलीं. पुढें महाराष्ट्रानें ही बंदी पायरीपायरीनें सैल केली. कायदा मात्र आजहि पुस्तकांत आहे, आणि त्याप्रमाणें पिणाऱ्याजवळ एक दिवसाचा, एक वर्षाचा अगर आजन्म परवाना असला पाहिजे. बिअरच्या मेळ्यांत हिंडणाऱ्या किती तरुणांस हें ठाऊक असेल, याविषयीं आम्हांस शंका आहे. आणि ठाऊक नसल्यानें त्यांचें कांहीं अडतहि नाहीं. सुरगाण्याच्या पाड्यावर मात्र तोच कायदा प्रत्येकास पाठ असतो, कारण तेथें तो पोलिसाच्या पायांनीं येतो.

२००१ सालीं महाराष्ट्र सरकारनें द्राक्षप्रक्रियेचें धोरण जाहीर केलें, द्राक्षमद्यास अबकारी करांत मोठी सवलत दिली आणि द्राक्षांपासून मद्य करणें हा शेतकऱ्याच्या मालास भाव देणारा उद्योग ठरला. त्यास आमची हरकत नाहीं; आमच्या तालुक्यांतहि द्राक्षें पिकतात आणि गारपिटीनें व मंदीनें पिचलेला बागाईतदार आम्हीं पाहिला आहे. पण मोहाचें फूल हाहि कोणाच्या तरी हाताचा मालच आहे. फुलें गोळा करणें, साठविणें व नेणें यांवरील निर्बंध उठविण्यास सरकारला २०२१ साल उजाडावें लागलें; आणि त्या फुलापासून परवान्यावांचून मद्य काढणें हा तर येथें अद्यापि गुन्हाच. शेजारच्या मध्य प्रदेशांत व छत्तीसगडांत आदिवासींस घरगुती वापरापुरती अशी दारू काढण्याची मुभा आहे. गोव्याचें उदाहरण तर याहून बोलकें आहे. पोर्तुगीज अमलांत काजूच्या बोंडांची लहान भट्टी टिकून राहिली. तिच्या फेणीस २००९ सालीं भौगोलिक निर्देशांक मिळाला व २०१६ सालीं गोवा सरकारनें फेणीस वारशाचें पेय म्हणून गौरविलें. काजूचें बोंड आणि मोहाचें फूल यांत नैतिक फरक तो कोणता? एक पोर्तुगीजांच्या हद्दींत उकळलें आणि दुसरें इंग्रजांच्या, एवढाच!

येथें कोणी म्हणेल कीं, ‘ही तुमची ममता घातक आहे, दारूनें घरें बुडतात तीं मोहाच्या असोत वा सातूच्या.’ हा आक्षेप आम्हांस मान्य आहे, आणि त्याचें वजन चांदवडच्या माणसास तरी सांगावें लागत नाहीं. १९८६ च्या नोव्हेंबरांत याच गांवीं शेतकरी महिलांचें तें प्रचंड अधिवेशन भरलें. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेच्या हाकेस ओ देऊन खेड्यापाड्यांतील स्त्रिया लाखोंनीं चांदवडास लोटल्या. घराबाहेर न पडणाऱ्या बाईनें आपलें दुःख चार बायांत बोलावें, त्याला प्रश्नाचें रूप द्यावें आणि शेवटीं त्याचें उत्तर मागावें, असा तो अपूर्व प्रसंग होता. त्या आघाडीनें पुढें जे कार्यक्रम हातीं घेतले, त्यांत बाईच्या नांवावर जमीन करून देण्याची ‘लक्ष्मीमुक्ति’ होती, तशीच गांवांतलें दारूचें दुकान बंद करण्याची मागणीहि होती. २००८ सालच्या आदेशानें हा विचार कायद्यांत उतरला: गांवांतील शेंकडा पंचवीस स्त्रियांनीं अगर मतदारांनीं मागणी केल्यास मतदान घ्यावें, आणि निम्म्याहून अधिकांनीं आडव्या बाटलीवर शिक्का मारल्यास दुकान उठवावें. आमच्या मतें गेल्या दीडशें वर्षांतील अबकारीच्या साऱ्या इतिहासांत न्यायाच्या जवळ जाणारा नियम असेल तर तो हाच. कारण त्यांत परवानगी देणारा व परिणाम भोगणारा हीं दोन माणसें प्रथमच एक झालीं. १९९६ च्या पेसा कायद्यानें अनुसूचित क्षेत्रांतील ग्रामसभांस मादक पदार्थांविषयीं जो अधिकार दिला, त्यामागेंहि हेंच तत्त्व आहे.

आतां बिअरच्या मेळ्यास या मापानें मोजून पाहूं. लहान भट्टी, ताजें पेय, स्थानिक फळें, काढणाऱ्याची व पिणाऱ्याची समोरासमोर ओळख, उत्सवाचा प्रसंग: या मेळ्याच्या ज्या गुणांचें आज कौतुक होतें, ते सारे गुण मोहाच्या भट्टींत होते. फरक इतकाच कीं, शहरांतल्या भट्टीवाल्यास परवान्याचे पैसे भरतां येतात, यंत्रें आणतां येतात आणि जाहिरात करतां येते. कौटिल्यानें उत्सवांतील चार दिवस सर्वांस दिले होते. आपण ते फक्त ज्याच्यापाशीं भांडवल आहे त्यास देतों. आणि ज्यास देत नाहीं तो पिणें सोडतो असेंहि नाहीं. तो चोरून काढतो, चोरून घेतो आणि कधीं कधीं चोरून मरतो. २०१५ च्या जून महिन्यांत मुंबईंतील मालवणी येथें मिथेनॉल मिसळलेल्या दारूनें शंभरावर माणसें दगावलीं, तीं सारीं गरीब वस्तींतलीं. शुद्ध पेयाची हमी हाहि आज पैसेवाल्याचाच हक्क होऊन बसला आहे.

या सर्वांतून निघणारा निष्कर्ष आम्ही भीड न ठेवतां मांडतों. मेळे बंद करा, अशी मागणी करण्यास आम्ही तयार नाहीं. त्याचप्रमाणें मोहाची भट्टी उद्यां सर्वत्र मोकाट सुटावी असेंहि आम्ही म्हणत नाहीं. ती जहाल आहे, आणि १९२२ सालीं तिच्याच लोकांनीं तिच्याविरुद्ध उठून दाखविलें आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, पेयाची तीव्रता, त्याची शुद्धता व तें विकण्याची जागा यांवर कायद्यानें खुशाल बंधन घालावें. परंतु काढणारा कोणत्या जातीचा, कोणत्या वस्तीचा आणि किती ऐपतीचा, हें त्या बंधनाचें माप असूं नये. घरगुती व धार्मिक प्रसंगापुरती भट्टी ठेवावी कीं मोडावी, हें पाड्यावरील ग्रामसभेनें, तींतहि तेथील बायांनीं, ठरवावें. शहरांतल्या वस्तींत मेळा भरवावयाचा असेल, तर तेथील रहिवाशांसहि हाच अधिकार असावा. आणि या दोन्ही निर्णयांत तिजोरीचा हात शक्य तेवढा दूर ठेवावा. कारण १८७८ पासूनचा अनुभव हाच आहे कीं, ज्या निषेधांतून महसूल निघतो, तो निषेध माणसाचें व्यसन सोडवीत नाहीं, फक्त त्याचा सावकार बदलतो.

पुढील चैत्रांत कळवण-सुरगाण्याच्या रानांत पुन्हा मोह गळेल, पहांटे बायका टोपल्या घेऊन निघतील. त्याच सुमारास कोठल्या तरी शहरांत एखादा कल्पक भट्टीवाला आपल्या बिअरींत मोहाचें फूल घालून तिची नवलाई सांगेल, आणि आपण ती कौतुकानें चाखूं. त्या वेळीं पेल्यांतल्या फुलाचा भाव काय, हा प्रश्न आपल्या मनांत येईलच. त्याबरोबर तें फूल वेंचणारीला तिच्या घरीं त्याचें काय करण्याची मुभा आहे, हाहि विचारावा. ज्या दिवशीं या दोन प्रश्नांचें उत्तर एका कायद्यांत मिळेल, त्या दिवशीं १८७८ चा कायदा खऱ्या अर्थानें रद्द झाला असें आम्ही समजूं.